तांब्यावरील छपाई

सन १९३० च्या सुमारास बनलेला एखादा रेडिओ आणि आजचा एखादा रेडिओ यांचीं झांकणें काढून ते शेजारीं शेजारीं ठेवले, तर पाहणाऱ्याच्या डोळ्यांत प्रथम भरतो तो तारांचा फरक. जुन्या पेटींत लाल, पिवळ्या, काळ्या तारांचें जाळें पसरलेलें असतें. एकेक तार हातानें तोडलेली, सोललेली, वळविलेली आणि कथिलाच्या डागानें जोडलेली. नव्या पेटींत तारा जवळजवळ नाहींतच. तेथें एक हिरवट फळी असते आणि तिच्या पाठीवर तांब्याच्या बारीक रेषा नदीच्या फांट्यांसारख्या पसरलेल्या दिसतात. कारागीर या फळीला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘पी. सी. बी.’ म्हणतात, मराठींत तिला छापील फलक म्हणण्यास हरकत नाहीं, कारण ती खरोखरच छापलेली असते. ही छपाई प्रथम यशस्वी झाली ती एका परदेशी बेकार तरुणाच्या भाड्याच्या खोलींत. आणि मोठमोठ्या कारखान्यांची सद्दी पाहून झाल्यावर, जवळजवळ नव्वद वर्षांनंतर, जुन्या संगणकांचे हौशी लोक ती आजहि आपल्या स्वयंपाकघरांत करीत आहेत.

तारेऐवजीं धातूच्या सपाट पट्ट्या वापराव्या, ही कल्पना तशी नवी नव्हती. बर्लिनच्या आल्बर्ट हॅन्सन यानें १९०३ सालीं इंग्लंडांत जें पेटंट मागितलें, त्यांत मेण लावलेल्या कागदाला धातूच्या वर्खाच्या पट्ट्या चिकटविण्याची युक्ति वर्णिलेली आहे. १९१३ सालीं आर्थर बेरी यानें नको असलेला धातु आम्लाकडून खाववून उरलेल्या पट्टीचा विजेच्या शेगडीसाठीं उपयोग करण्याचें सुचविलें. १९२५ सालीं अमेरिकेंत चार्ल्स ड्यूकास यानें छिद्रें कोरलेल्या साच्यांतून वीजवाहक शाई उमटवून तिच्यावर तांब्याचा मुलामा चढविण्याची रीत मांडली. म्हणजे सारी सामग्री जगाच्या कोठारांत पडून होती. तिच्यापासून चालतें यंत्र बनविण्याइतकी निकड मात्र अजून कोणास भासली नव्हती.

ती निकड पॉल आइस्लर याला भासली, आणि तीहि पोटाच्या निमित्तानें. आइस्लर १९०७ सालीं व्हिएन्ना येथें जन्मला. १९३० सालीं तेथील तंत्रविद्यालयांतून तो अभियंता होऊन बाहेर पडला; परंतु तो ज्यू होता, आणि त्या काळच्या ऑस्ट्रियांत ज्यू पदवीधरास त्याच्या विद्येला साजेशी नोकरी मिळणें दुर्घट होतें. कांहीं काळ त्यानें बेलग्रेड येथें रेल्वेगाडींतील रेडिओची खरखर घालविण्याचें काम केलें. मग व्हिएन्नास परतून रेडिओविषयक नियतकालिक आणि छापखाना यांच्या आश्रयानें त्यानें दिवस काढले. अभियंत्यानें छापखान्यांत दिवस काढावे हें त्याच्या मित्रांस दुर्दैव वाटलें असेल. पण पुढील साऱ्या गोष्टीचें बीज तेथेंच पडलें. एकदां ठसा तयार झाला कीं हजार प्रती निघतात आणि हजारावी प्रत पहिलीसारखीच असते, हें छापखान्यांत वावरणाऱ्यास कोणी सांगावें लागत नाहीं. रेडिओ जोडणाऱ्यास मात्र हजारावी पेटी पहिलीइतक्याच कष्टानें जोडावी लागे, आणि एक तार चुकली कीं सारी पेटी मुकी होई.

१९३६ सालीं तो इंग्लंडांत आला. पाठीशीं पैसा नाहीं, हातीं नोकरी नाहीं, अशा स्थितींत लंडनच्या हॅम्पस्टेड भागांत एका खाणावळींतील खोलींत राहून त्यानें आपला पहिला छापील फलकाचा रेडिओ तयार केला. त्याच्या युक्तीचें मर्म समजण्यास आपल्याकडील जुन्या शिळाछाप पोथ्यांची आठवण उपयोगीं पडेल. शिळाछापांत दगडावर तेलकट शाईनें अक्षरें काढीत. जेथें शाई बसली तो भाग पाण्यास दाद देत नसे आणि उरलेला भाग भिजत असे. आइस्लरनें दगडाच्या जागीं तांबें घेतलें. वीज न वाहूं देणाऱ्या तक्त्यावर तांब्याचा पातळ पत्रा चिकटवावयाचा. ज्या वाटेनें वीज न्यावयाची तेवढ्या रेषा आम्लास न जुमानणाऱ्या शाईनें त्यावर उमटवावयाच्या. मग तक्ता आम्लांत बुडवावयाचा. उघडें तांबें विरघळून जातें, शाईखालचें तांबें तसेंच राहतें. शेवटीं शाई पुसली कीं खालून विजेच्या वाटा झळकूं लागतात. पूर्वीच्या बहुतेक कल्पकांची धडपड जेथें वाट हवी तेथें धातु घालण्याची होती. यानें सगळीकडे धातु अंथरून नको तेथला काढून टाकला. मूर्तिकार दगडांतील नको तो भाग काढून टाकतो, त्यांतलाच हा प्रकार.

रेडिओ तयार झाला, बोलूंहि लागला. आइस्लर तो घेऊन प्लेसी या रेडिओ व विद्युत्सामान बनविणाऱ्या मोठ्या कंपनीकडे गेला. तेथून जो नकार मिळाला तो पुढें फार प्रसिद्ध झाला. तारा जोडण्याचें काम आमच्याकडे मुली करतात, त्यांना मजुरी थोडी पडते आणि काम बदललें तरी त्या हात बदलूं शकतात, अशा आशयाचें तें उत्तर होतें. आज तें वाचतांना कोणासहि राग येईल. तथापि त्या उत्तरांत मूर्खपणा कमी आणि हिशेब जास्त होता हें मान्य केलें पाहिजे. जोंवर बाईचा हात यंत्रापेक्षां स्वस्त आहे तोंवर कारखानदार यंत्राकडे ढुंकूनहि पाहत नाहीं. कापडाच्या गिरण्यांचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना यांत नवल वाटणार नाहीं.

हिशेब बदलला तो महायुद्धानें. परंतु त्यापूर्वीं युद्धानें आइस्लरलाच गजाआड टाकलें. ज्या राजवटीच्या भीतीनें तो पळून आला, तिचाच प्रजाजन म्हणून ब्रिटिश सरकारनें १९४० सालीं त्याला शत्रुदेशीय ठरवून स्थानबद्ध केलें. १९४१ सालीं सुटल्यावर कांहीं काळ सैन्याच्या श्रमपथकांत काम करून तो पुन्हां आपल्या कल्पनेकडे वळला, आणि आश्रय मिळाला तो परत छापखान्याचाच. हेंडरसन अँड स्पॉल्डिंग ही लंडनच्या कँबरवेल भागांतील पेढी संगीताच्या स्वरलिपीचीं पुस्तकें छापण्याबद्दल प्रसिद्ध होती. तिनें टेक्नोग्राफ नांवाच्या आपल्या शाखेंत आइस्लरला जागा दिली. नोकरीचा करार करतांना आपल्या शोधांवरील हक्क एका पौंडाच्या नाममात्र मोबदल्यांत आपण सोडून देत आहों, ही गोष्ट त्यानें पुरती पाहिली नाहीं. फेब्रुवारी १९४३ मध्यें पेटंटाचा अर्ज झाला आणि १९५० सालीं त्याचीं तीन पेटंटें मंजूर झालीं. त्याच सुमारास त्यानें छापील फलकावर बांधलेला एक रेडिओ लंडनच्या विज्ञान-संग्रहालयांत जतन केलेला आहे.

युद्धाच्या गरजा प्रचंड होत्या. विमानाजवळून जातांना आपोआप फुटणाऱ्या तोफगोळ्याच्या टोकाशीं एक इवलासा रेडिओ बसवावा लागे; तो तोफेच्या धक्क्यांतून शाबूत राहिला पाहिजे आणि लाखांच्या संख्येनें निघाला पाहिजे. तेथें तारा वळीत बसणारे कुशल हात कोठून आणणार? अमेरिकेंत मॉर्टरच्या गोळ्यांसाठीं चिनी मातीच्या तबकडीवर रुप्याच्या शाईनें मंडल छापण्याची रीत पुढें आली. १९४७ सालीं तेथील राष्ट्रीय मानक कार्यालयानें छापील मंडलांच्या अनेक रीति सांगणारी एक पुस्तिकाच प्रसिद्ध केली, आणि युद्धांतील गुपित सर्वांस खुलें झालें. त्याच वर्षीं इंग्लंडांत जॉन सारग्रोव्ह यानें रेडिओ जवळजवळ आपोआप बनविणारें एक अजस्र यंत्र उभें केलें. त्या यंत्रांतून निघणाऱ्या स्वस्त रेडिओंना हिंदुस्थान व चीन येथें गिऱ्हाईक मिळेल अशी त्याची उमेद होती. ती फळाला आली नाहीं. १९४९ सालीं अमेरिकन सैन्याच्या संदेशवहन विभागांतील अब्रॅमसन व डँको या जोडीनें शेवटची महत्त्वाची भर घातली: फलकाला भोकें पाडावयाचीं, सुट्या भागांच्या तारा त्यांतून ओवावयाच्या आणि फलकाची तांब्याची बाजू वितळलेल्या कथिलावर टेकवून सारे डाग एकदम द्यावयाचे. येथून पुढें छापील फलक म्हणजे कारखान्याची वस्तु झाली.

आइस्लरच्या कंपनीनें अमेरिकेंत हक्कासाठीं दावा लावला, पण १९६३ सालीं बेंडिक्स कंपनीविरुद्धचा खटला ती हरली. जगांतील प्रत्येक रेडिओंत ज्याची कल्पना वास करूं लागली, त्याच्या पदरीं संपत्ति अशी फारशी पडली नाहीं. १९८९ सालीं त्यानें छापील मंडलाच्या सोबतींत गेलेल्या आपल्या आयुष्याचें आत्मवृत्त प्रसिद्ध केलें आणि १९९२ सालीं तो लंडनमध्यें वारला.

कारखान्यांतून फलक पुन्हां घरांत आला तो संगणकाच्या मागोमाग. जुलै १९७४ च्या एका अमेरिकन रेडिओ-मासिकांत ‘मार्क-८’ नांवाचा, घरीं बांधण्याजोगा संगणक मुखपृष्ठावर झळकला. त्याचे आराखडे पांच डॉलरांस टपालानें मिळत. संगणक बांधणें ही ज्याची त्याची जबाबदारी. जानेवारी १९७५ मध्यें ‘अल्टेअर ८८००’ आला, आणि त्याच वर्षींच्या मार्च महिन्यांत कॅलिफोर्नियांतील मेन्लो पार्क येथें एका मोटारखान्यांत ‘होमब्रू’ मंडळाची पहिली बैठक भरली. या मंडळांत स्टीव्ह वॉझ्निअॅक नांवाचा एक तरुण आपल्या संगणकाचे आराखडे फुकट वांटीत असे. ते पाहून लोक वाहवा करीत. पण शेंकडों तारा हातानें जोडून संगणक बांधण्याचें धैर्य व सवड थोड्यांसच असे. त्याचा मित्र स्टीव्ह जॉब्स यानें नेमकें हेंच हेरलें. लोकांना आराखडा नको, फलक हवा! वीस डॉलरांत फलक बनवून घ्यावा आणि चाळीसांस विकावा, असा त्याचा बेत होता. भांडवलासाठीं एकानें आपली मोटार व दुसऱ्यानें आपलें गणनयंत्र विकलें. पुढें एका दुकानदारानें भाग बसविलेले तयार फलक मागितले आणि १९७६ सालीं ‘ॲपल-१’ ६६६ डॉलर ६६ सेंटांस विक्रीस आला. असे सुमारें दोनशें फलक निघाले. पुढें जगांत अग्रगण्य ठरलेल्या उद्योगाचा पहिला माल म्हणजे पेटी नाहीं, पडदा नाहीं, असा एक उघडा तांबें-जडित तक्ता होता, ही गोष्ट विसरण्याजोगी नाहीं.

इकडे हिंदुस्थानांतहि हौशी लोक स्वस्थ बसलेले नव्हते. दिल्लीहून १९६९ पासून निघणाऱ्या ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ या मासिकांत मंडलांबरोबर फलकाचे आराखडे मूळ मापांत छापलेले येत. तें पान तांब्याच्या पत्र्यावर ठेवून भोकांच्या जागा सुईनें टोंचून घेतल्या कीं अर्धें काम झालें. तांबें चढविलेले तक्ते आणि फेरिक क्लोराइडच्या पुड्या मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावर मिळत, आजहि मिळतात. शाळकरी मुलें तांब्यावर तैलरंगाच्या ब्रशानें अगर घरांतील नखांच्या रंगानें रेषा काढीत, आणि मोरींत पडलेल्या पिवळ्या डागांबद्दल बोलणीं खात. १९८६ सालीं डेसिबेल्स या देशी कंपनीनें विलायतेंतील सिंक्लेअरचा ‘स्पेक्ट्रम’ संगणक परवान्यानें येथें बाजारांत आणला; त्यामुळें त्या लहानशा काळ्या यंत्राविषयींचा जिव्हाळा आपल्याकडेहि कित्येक मध्यमवयीन गृहस्थांच्या मनांत अद्याप टिकून आहे.

घरीं फलक करण्याची कृति पाहण्यासारखी आहे. पूर्वींचा ब्रश आतां मागें पडला. आराखडा संगणकावर काढतात. त्यासाठीं लागणारी ‘किकॅड’ ही आज्ञावली झां-पिएर शारास या फ्रेंच अध्यापकानें १९९२ सालीं सुरू केली, म्हणजे आइस्लर वारला त्याच वर्षीं. ती फुकट मिळते, आणि २०१३ पासून जिनिव्हाच्या ‘सर्न’ या अणुसंशोधन संस्थेनेंहि तिच्या वाढीला हातभार लावला आहे. आराखड्याची उलटी, म्हणजे आरशांतल्यासारखी, प्रतिमा लेसर छपाईयंत्रानें गुळगुळीत कागदावर छापावयाची. या यंत्राची शाई म्हणजे वस्तुतः प्लॅस्टिकची भुकटी. तापविली कीं ती वितळते. म्हणून घांसून लखलखीत केलेल्या तांब्यावर कागद पालथा ठेवून त्यावरून कपड्यांची इस्त्री दाबून फिरवावयाची. मग सारें पाण्यांत भिजत घालून कागद बोटानें हळूहळू चोळून काढला कीं काळ्या रेषा तांब्यावर उमटलेल्या राहतात. इस्त्री कमी तापली तर रेषा निघून येतात, जास्त दाबली तर पसरतात. आणि लगतच्या दोन रेषा एकमेकींना चिकटल्या तर संगणक कांहींतरी भलतेंच बोलूं लागतो. येथें हाताची संवयच कामीं येते.

यानंतर फलक फेरिक क्लोराइडच्या तपकिरी द्रावणांत सोडावयाचा. द्रावण कोमट असेल व ताट हलवीत राहिलें तर काम लवकर होतें. नेहमींच्या तक्त्यावरील तांब्याची जाडी मिलिमीटरच्या सुमारें अठ्ठाविसाव्या भागाइतकी, म्हणजे ३५ मायक्रॉन असते. तेवढें तांबें विरण्यास फार वेळ लागत नाहीं. अंगठ्या, घड्याळें दूर ठेवावीं, डोळ्यांवर चष्मा असावा, आणि जेवणाच्या भांड्यास या कामांत हात लावूं नये, हें सांगण्याची गरज नाहीं असें वाटतें; तरी नेमकें येथेंच लोक चुकतात. पुढें ०.८ मिलिमीटरच्या बारीक सामत्यानें भोकें पाडावयाचीं. चिपच्या पायांतील अंतर इंचाचा दहावा भाग असतें आणि जुन्या चिपला चाळीस चाळीस पाय असतात. एक भोक तिरकें गेलें कीं चिप बसत नाहीं. अखेर तांब्यावर कल्हई केली कीं तें काळें पडत नाहीं व डागहि चांगला धरतें.

एवढे सायास जुन्या संगणकांसाठीं कां करावे, असा प्रश्न कोणी विचारील. याचें पहिलें कारण मोठें विचित्र आहे. १९८० नंतरच्या कित्येक संगणकांत घड्याळ चालतें ठेवण्यासाठीं अगर स्मृति टिकविण्यासाठीं एक लहान निकेल-कॅडमियमची बॅटरी थेट फलकावरच बसविलेली असे. कमोडोर कंपनीचा ‘अमिगा २०००’ हा त्यांतलाच. वर्षें लोटलीं कीं ही बॅटरी फुटते आणि तिच्यांतून अल्क पाझरूं लागतें. मग तें तांब्याच्या वाटा खात सुटतें. कारखान्यानें ज्या वाटा मुद्दाम राखल्या त्याच कपाटांत पडल्या पडल्या नाहींशा होतात. फलक पुन्हां करणें याखेरीज कधीं कधीं उपायच उरत नाहीं. दुसरें कारण असें कीं मूळच्या कांहीं चिपा आतां कोठेंच बनत नाहींत. स्पेक्ट्रमचें हृदय असलेली फेरांटी कंपनीची खास चिप अशांपैकींच. ख्रिस स्मिथ नांवाच्या इंग्रज अभियंत्यानें ती आंतून उलगडून तिचें कार्य २०१० सालीं एका ग्रंथांत मांडलें, आणि साध्या, बाजारांत मिळणाऱ्या चिपांचा उपयोग करून तसाच संगणक ‘हार्लेक्विन’ या नांवानें उभा केला. आरंभीं तो तारा खोंचलेल्या प्रयोगपट्टीवर होता. पुढें त्याचा छापील फलक झाला आणि जगभर लोकांनीं तो जोडला. तिसरें कारण सोयीचें: जुनी चकती-यंत्रणा बिघडली म्हणून तिच्या जागीं आजचें स्मृतिपत्र वाचणारा एक लहान फलक हवा असतो. जुनीं यंत्रें ५ व्होल्टांवर चालतात, नवीं स्मृतिपत्रें ३.३ वर, दोघांमध्यें दुभाषा बसवावाच लागतो.

येथें खरें बोलावयाचें तर घरगुती फलकाच्या मर्यादा फार आहेत. संगणकाचा फलक बहुधा दुबाजू असतो, आणि एका बाजूची वाट दुसरीकडे न्यावयाची तर भोकाच्या आंतल्या भिंतीलाहि तांबें चढवावें लागतें. कारखान्यांत तें सहज होतें. घरीं प्रत्येक भोकांतून तारेचा तुकडा घालून दोहोंकडून डाग द्यावा लागतो. असे दोनशें डाग दिल्यावर हौस ओसरली तर नवल नाहीं. शिवाय चीनमधील शेंझेन येथील कारखाने आज पांच-दहा लहान फलक थोडक्या डॉलरांत बनवून घरपोंच पाठवितात, आणि त्यांची सफाई घरच्या मालास कधींच यावयाची नाहीं. त्यामुळें पुष्कळांनीं घरचें ताट कायमचें धुऊन ठेवलें. तरीहि ज्याला आपला आराखडा बरोबर आहे कीं नाहीं याचीच शंका आहे, त्याला परदेशाहून पार्सल येण्याची, जकातींतून तें सुटण्याची वाट पाहवत नाहीं. रात्रीं काढलेली रेषा सकाळीं तांब्यांत उतरते. ती चुकली असेल तर दुपारीं चाकूनें खरवडून, एक तार आडवी टाकून दुरुस्त होते, आणि सुधारलेला आराखडाच मग कारखान्याकडे जातो. परीक्षेपुरता बनविलेला हा पहिला ओबडधोबड फलक हेंच घरगुती कामाचें आजचें खरें क्षेत्र होय.

राहतां राहिलें तें वापरलेलें द्रावण. त्यांत विरलेलें तांबें असतें, आणि तें मोरींत ओतलें तर गटारांतून नदीनाल्यांतील माशांस व जलवनस्पतींस अपायकारक होतें. लोखंडी नळहि कुजतात. जाणते लोक त्या द्रावणांत लोखंडाचे खिळे अगर पोलादी कीस टाकून ठेवतात. लोखंड हळूहळू विरघळतें आणि तांबें लालसर गाळ होऊन तळाशीं बसतें. तो गाळ व वरचें पाणी निरनिराळ्या झांकणबंद प्लॅस्टिकच्या बरण्यांत भरून रासायनिक कचरा घेणाऱ्यांच्या स्वाधीन करावयाचें असतें.